सिमची परीक्षा आणि हेदवीकडचं गाऱ्हाणं

"नलूची भाची येतेय म्हणे आज. ती गो, विमान चालवायची ती. सुटलं तिचं विमान. आता सिमकार्डाची परीक्षा देते बिचारी."

"सिमकार्डाची पण परीक्षा असते?"

"आता कशाची नसते? आमच्या पुतण्याची वॉचमनसाठी घेतलीन."

जयगडची फेरीबोट नुकतीच धक्का सोडून तवसाळच्या दिशेनं निघाली होती. मी कठड्याला टेकून उभी होते. डोळ्यांवर काळा चष्मा, पाठीवर सॅक आणि दोन्ही पायांच्या मध्ये आत्यासाठी आणलेला प्रेशर कुकर. बोलणाऱ्या दोघी माझ्यापासून हातभर अंतरावर, बाजारातून आणलेल्या पिशव्यांवर हात ठेवून बसल्या होत्या. त्यातली जी जास्त बोलत होती ती ठसठशीत कुंकू लावलेली, हसऱ्या चेहऱ्याची बाई होती. तिच्या बोलण्यात दया होती, पण मजाही कमी नव्हती.

नलूची भाची म्हणजे मी.

खरं तर तेव्हाच वळून म्हणायला हवं होतं, की काकू, ते सिमकार्ड नव्हे. वाक्य तयारही होतं. मी ते मनात मराठीत रचलं, मग ते फार पुस्तकी वाटलं म्हणून बदललं, आणि ते नीट जुळेपर्यंत पलीकडचा धक्का आला. फेरीबोटीचा लोखंडी दरवाजा खडखडत खाली गेला, स्कूटरी सुरू झाल्या आणि त्या दोघी पिशव्या उचलून माझ्यासमोरून निघूनही गेल्या. माझ्या आयुष्यातली बरीचशी वाक्यं अशीच धक्क्यावर राहून गेली आहेत.

सिम म्हणजे सिम्युलेटर. एका मोठ्या हॉलमध्ये यंत्राच्या पायांवर उभी असलेली पांढरी खोली. आत हुबेहूब कॉकपिट आणि काचांच्या बाहेर पडद्यावरचं आकाश. वैमानिकाला नोकरीत परत घेण्याआधी त्या खोलीत त्याची परीक्षा घेतात. माझी परीक्षा पुढच्या आठवड्यात होती.

मी काही वर्षांपूर्वी सहवैमानिक होते. कंपनी बंद पडली, पगार थांबले, मग बाबांचं आजारपण आलं, आणि बघता बघता मी विमानापासून इतकी लांब गेले की डोक्यावरून एखादं गेलं तरी मान वर करेनाशी झाले. मधल्या वर्षांत मी ठाण्याला घरी बसून शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायचे. ते काम मला आवडायचं. चूक दिसली की लाल खूण करायची. कुणाशी बोलावं लागत नाही.

मग एका नव्या कंपनीकडून बोलावणं आलं. वैद्यकीय तपासणी झाली, लेखी परीक्षा झाल्या, सरावही सुरू झाला. हात सगळं विसरले असतील अशी भीती होती, पण हात काहीच विसरले नव्हते. विसरला होता तो आवाज. सरावाच्या शेवटच्या फेरीत माझ्या शेजारी बसलेल्या कॅप्टननी मुद्दाम विमान उतरताना हवं त्यापेक्षा खाली आणलं. अशा वेळी सहवैमानिकानं मोठ्यानं 'गो अराउंड' म्हणायचं असतं, म्हणजे उतरणं सोडून द्या आणि विमान पुन्हा वर घ्या. कॅप्टन कितीही मोठा असला तरी म्हणायचं असतं. मला चूक दिसली होती. मी तिच्यावर मनातल्या मनात लाल खूणही केली होती. तोपर्यंत आम्ही धावपट्टीच्या अलीकडच्या शेतात उतरलो होतो.

"तुला दिसलं होतं?" दिवे लागल्यावर त्यांनी विचारलं.

"हो सर."

"मग?"

मी खुर्चीचा पट्टा सोडू लागले. ते हसले, पण पुढचं वाक्य हसण्यासारखं नव्हतं. "तुझे हात आले, डोळे आले, आवाज घरी राहिलाय. परीक्षेला येताना तो घेऊन ये. नाहीतर मला तुला 'नाही' म्हणावं लागेल, आणि कंपनी दुसऱ्यांदा विचारणार नाही."

हातात थोडे मोकळे दिवस होते. आई म्हणाली, घरात भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा आत्याकडे जा. म्हणून मी सकाळच्या गाडीनं रत्नागिरीला उतरले आणि तिथून जयगडची एसटी धरली. आरे-वारेच्या वळणांवर उजव्या हाताला डोंगर आणि डाव्या हाताला एकदम इतका समुद्र, की एसटीतल्या सहलीच्या पोरी किंचाळल्या. कंडक्टर म्हणाला, "ओरडा, ओरडा. तिकिटात धरलंय ते." मला त्या पोरींचा हेवा वाटला. गणपतीपुळ्याला निम्मी गाडी रिकामी झाली, मालगुंडला उरलेली, आणि जयगडच्या धक्क्यावर मी, कुकर आणि कंडक्टर एवढेच उतरलो.

तवसाळच्या बाजूला काका स्कूटर घेऊन उभे होते. काका म्हणजे आत्याचे यजमान. तरुणपणी मासेमारीच्या बोटीवर तांडेल (बोटीचा मुख्य) होते. आता आंब्याची थोडी कलमं आणि जाळी विणणं एवढंच काम. तेही माझ्यासारखेच कमी बोलणारे. त्यांनी कुकरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, "बस" म्हणाले, आणि हेदवीच्या अलीकडची त्यांची वाडी येईपर्यंत आम्ही दोघं मिळून एकच वाक्य बोललो. ते त्यांचं होतं. "गाय," असं म्हणून त्यांनी ब्रेक लावला होता.

आत्याकडे शिरल्या शिरल्या तिनं माझ्या हातात घावन आणि ओल्या नारळाची चटणी दिली. घावन म्हणजे तांदळाच्या पिठाचं जाळीदार, पांढरंशुभ्र धिरडं. मी तिसरं खात असताना कुंपणापलीकडून हाक आली.

"नलू, आली काय गो भाची?"

फेरीबोटीतली कुंकवाची बाई! तिनं मला पाहिलं, कुकर पाहिला, आणि तोंडावर हात ठेवला.

"अगो बाय, तू होतीस ती? मग बोलली नायस ती? मी एवढी तुझ्याबद्दल सांगत होते!"

"ही सुमन," आत्या म्हणाली. "हिच्या कानावर एक गोष्ट घातली की वेगळं पत्र टाकायला नको."

सुमनकाकू माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "होशील गो पास. सिमकार्डात काय एवढं कठीण असतं? सुईनं तो कप्पा उघडायचा नि आत सारायचं."

मी तोंड उघडलं. तोंडात घावन होतं. ते गिळेपर्यंत विषय खाऱ्या बांगड्यांवर गेला.

रात्रीच्या जेवणाआधी मी आत्याला समजावायचा प्रयत्न केला. ती चुलीपाशी तिसऱ्या (खाडीतले शिंपले) उघडत होती.

"आत्या, ते सिमकार्ड नाहीये."

"मला काय ठाऊक? तूच फोनवर बोललीस, सिमची तारीख आली. विमानात पण बोलायला लागत असेल ना तुम्हांला? मग कार्ड नको?" तिच्या बोलण्यात तसं तर्काला धरूनच होतं सगळं. "कसली का असेना, परीक्षा ती परीक्षा. शुक्रवारी देवीला तुझ्यासाठी गाऱ्हाणं घालायचं आहे. तात्यांना सांगून ठेवलंय."

गाऱ्हाणं म्हणजे तक्रार एवढंच मला माहीत होतं. आत्यानं सांगितलं ते वेगळं होतं. देवापुढं नारळ-विडा ठेवायचा आणि गावातल्या मानकऱ्यानं सगळ्यांच्या वतीनं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, देवाला काय हवं ते सांगायचं. त्याचं एकेक वाक्य झालं की बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं.

"मनातल्या मनात मागितलं तर नाही चालत?" मी विचारलं.

"मनातल्या मनात?" आत्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिसऱ्या कच्च्या खायला मागितल्या होत्या. "मग त्या देवीला कळायचं कसं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांना विचारलं, की जिथं माणसं नसतील अशी जागा कुठं आहे. ते म्हणाले, "सड्यावर जा." मला सडा म्हणजे अंगणात शिंपडतात तो माहीत. मी अंगणाकडे बघत राहिले. तेव्हा त्यांनी हनुवटीनं वर डोंगराकडे खूण केली. इकडे सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं सपाट पठार. वर गेले आणि हसूच आलं. काळा, सपाट, लांबच लांब कातळ, दोन्ही बाजूंना वाळलेलं पिवळं गवत आणि टोकाला एकदम समुद्र. मी वर्षानुवर्षं ज्या धावपट्ट्या बघितल्या होत्या, त्यांतल्या काही याहून वाईट होत्या.

मी सराव सुरू केला. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करायचा, म्हणजे तो किती ऐकू येतो ते कळेल, अशी माझी युक्ती होती. फोन एका उंच दगडावर ठेवायचा, लांब जाऊन ओरडायचं, परत येऊन ऐकायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फक्त वारा होता. दुसऱ्यांदा वारा आणि एक टिटवी. मग मी फोन हातात घेऊन, हात लांब धरून, चालत चालत ओरडू लागले. "वन थाउजंड! फाइव्ह हंड्रेड! गो अराउंड!" विमान उतरताना उंची अशीच मोजतात. हळूहळू आवाज सुटू लागला. तेवढ्यात गवताआडून एक म्हैस आली आणि तिच्यामागून काठी घेतलेला एक माणूस. मी जागच्या जागी गप्प झाले आणि फोनकडे बघू लागले.

त्यानं थोडा वेळ निरीक्षण केलं. मग आपुलकीनं म्हणाला, "हितं रेंज नाय मिळायची, बाय. एक काडी येते ती त्या फणसाखाली. ती पण वारा असला तर."

मी "थँक यू" म्हणाले. एवढंच म्हणाले, हेच चुकलं.

त्या दिवशी दुपारी सुमनकाकूंनी सुरमईच्या तुकड्यांचं कालवण पाठवलं. संध्याकाळी समोरच्या घरातून शहाळी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर गेले, तर तिथल्या बायकांनी त्यांच्या आधी मला पाणी काढू दिलं. कोकणात पाहुण्याचं कौतुक होतं हे ऐकून होते, पण हे मला जरा जास्तच वाटू लागलं. शेवटी सुमनकाकूंनी कुंपणावरून वाकून, आवाज खाली आणून विचारलं, "मग कुठं उभा करणार?"

"काय?"

"आता लपवतेस काय गो! म्हशीवाल्या पांडूनं सगळं सांगितलंन. सड्यावर हातात फोन घेऊन मोजत होतीस. फाइव्ह हंड्रेड बोललीस. पाचशेचा प्लॅन ना? का पाचशे फूट उंच?"

मला काहीच कळेना.

"टॉवर गो! आमच्या वाडीत टॉवर उभा करणार ना तुमची कंपनी? ही परीक्षा त्याचीच ना?"

वाडीत मोबाईलला खरंच रेंज नव्हती. ज्यांची माणसं मुंबईत होती ते संध्याकाळी त्या फणसाखाली जमून, एक हात वर धरून, एकमेकांच्या घरच्या सगळ्या गोष्टी ऐकत आपापल्या घरी फोन लावायचे. सुमनकाकूंचे यजमान नालासोपाऱ्याला होते. "त्यांना जरा काय प्रेमाचं बोलावं, तर फणसाखाली अख्खी वाडी," त्या म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या. "खरंच टॉवर झाला तर फार बरं होईल हो."

त्या 'हो'नं माझी जीभच बांधली गेली. मी मान हलवली. ती 'हो' अशी हलली की 'नाही' अशी, हे मलाही सांगता येणार नाही, पण सुमनकाकूंना हवी तशी हलली असावी.

त्या दुपारी काका मला हेदवीच्या किनाऱ्यावर बामणघळ बघायला घेऊन गेले. तिथं कातळाला एक अरुंद, खोल चीर आहे. भरतीच्या वेळी समुद्र त्या चिरेत शिरतो आणि कोंडलेलं पाणी एकदम उंच उसळतं. आम्ही लांब उभे राहिलो. पाणी आत जायचं, क्षणभर सगळं शांत, आणि मग धडाम! अंगावर शिंतोडे. काका इतक्या वेळा बघूनही दर वेळी पोरासारखे हसत होते. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. सिम, कॅप्टन, कातळ, टॉवर. न बोलणाऱ्या माणसाला सांगणं सोपं असतं. सगळं ऐकून त्यांनी तोंडावरचे शिंतोडे पुसले.

"मग उद्या सांग सगळ्यांना," ते म्हणाले.

"काका, तुम्ही सांगाल?"

"मी?" ते घाबरले. खरोखर घाबरले. "मी नाय बाबा. एवढ्या लोकांत?"

त्यांनी घाईघाईनं स्कूटर सुरू केली.

शुक्रवारी सकाळी आत्यानं मला तिची अबोली रंगाची साडी नेसवली. देवीचं देऊळ वाडीच्या टोकाला, काजूच्या झाडांत, लहानसं, लाल चिऱ्यांचं. माझ्या एकटीच्या परीक्षेसाठी आत्या, काका, सुमनकाकू आणि तात्या असे चौघं येतील अशी माझी समजूत होती. सभामंडपात सगळी वाडी उभी होती. पांडूनं म्हैस बाहेर बांधली होती.

तात्या वाडीचे मानकरी. जन्म मुंबईच्या गोदीत काढलेला, त्यामुळे आवाज जहाजाच्या भोंग्याशी बोलायची सवय असलेला. त्यांनी नारळ-विडा देवीपुढं ठेवला, डोक्यावरची टोपी सारखी केली, हात जोडले आणि सुरुवात केली.

"बा गे आई! आज ही तुझी लेकरं नारळ-विडा घेऊन तुझ्या पायाशी उभी हायत..."

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांचा आवाज एकदम आला आणि माझ्या अंगावर काटा आला. एक माणूस बोलतो, बाकीचे ऐकून दुजोरा देतात, मगच पुढचं वाक्य. मला हे कुठंतरी चांगलंच ओळखीचं वाटलं. कॉकपिटमध्ये आम्ही दिवसभर दुसरं काय करतो?

"त्यांचं काय चुकलं-माकलं असेल तर पदरात घे..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि आज ही तुझी लेक, नलूची भाची, ठाण्यावरनं आली हाय. तिची ती सिमकार्डाची परीक्षा हाय. ती तिला पास कर..."

"व्हय म्हाराजा!" यात सुमनकाकूंचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

मला चूक दिसत होती. लाल पेन्सिल असती तर मी धावत जाऊन तात्यांच्या वाक्याखाली रेघ ओढली असती. तात्यांनी मोठा श्वास घेतला. आता टॉवर येणार, हे मला, काकांना आणि बहुतेक देवीलाही कळलं. मी काकांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते.

"आणि हिच्या हातनं आपल्या वाडीत जो टॉवर..."

"तात्या, थांबा! चुकलं!"

आवाज एवढा मोठा होता की बाहेर म्हैस उठून उभी राहिली. तो माझा होता, हे मला सगळे वळून माझ्याकडे बघायला लागल्यावर कळलं.

तात्या हात जोडलेल्या अवस्थेतच वळले. "काय चुकलं?"

आता थांबले तर पुन्हा कधीच बोलता येणार नाही, असं वाटलं. "सिम म्हणजे कार्ड नाही. विमान आहे. म्हणजे खोटं विमान. शिकायचं. ते जमिनीवरच असतं. त्यात पास झाले तर मी परत खरं विमान चालवीन. मी सड्यावर ओरडायची सवय करत होते, रेंज बघत नव्हते. टॉवर येणार नाहीये. मला आधीच सांगायला हवं होतं. मला... बोलायला जमत नाही पटकन."

मग पांडू म्हणाला, "आता तर जमलं की!"

पहिली हसली ती आत्या. पदर तोंडात धरून, खांद्यांनी हसत होती. "अगो, मला सुमन टॉवर टॉवर बोलली, मला वाटलं विमानतळाचा बोलते! म्हणून मी पण सगळ्यांना व्हय व्हय बोलले!"

"म्हंजे विमान सुटलंच नाय तुझं?" सुमनकाकूंनी विचारलं.

"सुटलं होतं. आता परत पकडतेय."

"मग मी फेरीबोटीत तुला बिचारी बोलले ते?"

"ऐकलं मी."

"आणि माझी सुरमई?" त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "ती पण नुसती ऐकलीस?" सगळा मंडप हसला. मीही हसले, आणि त्यांनी जवळ येऊन माझ्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

तात्या मात्र पेचात पडले होते. "पण देवीनं सिमकार्ड ऐकलंन ना. आता मध्येच वाक्य बदलता येत नाय. गाऱ्हाणं तुटलं की परत पहिल्यापासून घालायला लागतं."

"मग घाला की," सुमनकाकू म्हणाल्या. "आणि टॉवर राहू द्या हो त्यात. हिचा नाय तर आमचा म्हणून मागा. एवढे जमलोच आहोत तर."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, रागावले. पण ते म्हणाले, "बरं झालं बोललीस. नायतर देवीनं तुला जन्मभर रिचार्ज मारायला बसवली असती."

विडा पुन्हा नीट मांडला गेला. टोपी पुन्हा सारखी झाली. तात्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली आणि या खेपेला माझ्या वाक्यापाशी येऊन ते जरा रेंगाळले, कारण विमानाचं गाऱ्हाणं त्यांनीही कधी घातलं नव्हतं.

"आणि गे माये, हिचं विमान खाली..."

"व्हय म्हाराजा!" मंडळींनी उत्साहात घाई केली.

"अरे थांबा रे! खाली काय व्हय म्हाराजा? वाक्य तरी पुरं होऊ द्या!" तात्या ओरडले आणि मग देवीकडे वळून, समजूत काढल्यासारखे, म्हणाले, "खाली येऊ दे तर हिच्या मर्जीनं, आणि वर जाऊ दे तर हिच्या मर्जीनं."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हणाले. काका माझ्याहून मोठ्यानं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी निघाले तेव्हा कुकरच्या जागी पिशवी होती. तिच्यात आमसुलं, कुळथाचं पीठ, प्रसादाच्या नारळाची वाटी आणि सुमनकाकूंचे खारे बांगडे. बांगड्यांना वर्तमानपत्राच्या किती घड्या घातल्या होत्या कोण जाणे, पण परतीच्या गाडीत माझ्या शेजारची जागा ठाण्यापर्यंत रिकामीच राहिली. तवसाळच्या धक्क्यावर काका फेरीबोट सुटेपर्यंत उभे होते. बोट हलली तेव्हा त्यांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरून काहीतरी मोठ्यानं ओरडून सांगितलं. इंजिनाच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही. धक्क्यावरच्या सगळ्यांनी मात्र वळून बघितलं आणि काका लाजले.

मी लहानपणापासून जिथं इंग्रजी बोलायचे तिथं अचूक बोलायचे आणि जिथं मराठी बोलायचे तिथं कमी बोलायचे. चूक होण्यापेक्षा गप्प बसणं मला शहाणपणाचं वाटायचं. त्या मंडपात माझं मराठी काही फार सुंदर नव्हतं. 'खोटं विमान' हा शब्द तर आत्या अजून सगळ्यांना सांगत असेल. पण वाक्य अर्धं का होईना, वेळेवर पोचलं की माणसं बाकीचं सांभाळून घेतात, तुम्हाला हसतात, आणि मग पहिल्यापासून सुरू करतात. मी समजत होते त्यापेक्षा हे पुष्कळच कमी भयंकर होतं.

परीक्षा झाली. मी पास झाले. आत्याला कळवायला फोन लावला, तो अर्थात लागला नाही. संध्याकाळी ती फणसाखाली आली तेव्हा लागला आणि मग माझी बातमी अख्ख्या वाडीनं एकदम ऐकली. मागून तात्यांचा आवाज आला, "आता टॉवराचं तेवढं राहिलं देवीकडं!"

सिममधून बाहेर पडल्यावर कॅप्टननी माझ्या कागदावर सही केली आणि पेनाचं टोपण लावता लावता मला एकच प्रश्न विचारला. "सगळं ठीक. पण हे तात्या कोण?"

कारण झालं होतं ते असं. ढगांतून बाहेर आलो, पडद्यावरची धावपट्टी समोर आली, आणि कॅप्टननी, एवढे मोठे, एवढ्या शांत चेहऱ्याचे, विमान मुद्दाम हळूहळू खाली, आणखी खाली जाऊ दिलं. मला चूक दिसली. मला मोठा श्वास ऐकू आला, तो त्यांचा की माझा, माहीत नाही. आणि ती पांढरी खोली दणाणेल एवढ्या आवाजात मी म्हणाले,

"तात्या, गो अराउंड!"